ठकूमायची दसऱ्याची भट्टी

आरणा नदीला पूल नव्हता आणि हिवरघाट हे गाव अजून एकच होतं, त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली म्हणाल, तर माझ्या आजीला ती तिच्या आजीने सांगितली, आणि त्या आजीनेही ती ऐकलेलीच होती. तेव्हा वर्षं मोजत बसू नका, मांडी घालून बसा आणि ऐका.

हिवरघाट नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं होतं. अलीकडे भैरोबाचं देऊळ आणि पाटलाचं घर, पलीकडे बाजार, कुंभारवाडा आणि गायरान. मध्ये गुडघाभर पाण्याचा उतार. आठ महिने लोक धोतर वर खोचून इकडून तिकडे जात, आणि आपण नदी ओलांडली असं कुणाच्या मनातही येत नसे. नदीच्या मधोमध एक सपाट काळा खडक आहे, खळ्याएवढा. त्या खडकावर ठकूमाय परटीण कपडे धूत असे.

ठकूमाय काडीसारखी वाळकी होती, पण आवाज असा, की तिने अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या म्हशी माना वळवत, असं म्हणतात. तिला अक्षर येत नव्हतं. पण चारशे घरांचे कपडे तिच्याकडे येत आणि चाळीस वर्षांत तिने कुणाचा साधा रुमाल हरवला नाही. कारण तिच्याकडे बिब्बा होता. बिब्ब्याला सुई टोचली की काळं तेल येतं, आणि त्या तेलाची खूण कापडावर एकदा बसली की बसली. कापड फाटेल, खूण जाणार नाही. गळपट्टीच्या आतल्या बाजूला ती प्रत्येक घराची खूण काढी. पाटलाचे तीन ठिपके, कोळ्यांचा मासा, कुंभारांचं चाक. तिच्या स्वतःच्या घराची चंद्रकोर. तिची लेक गिरजा पलीकडच्या काठावर दिली होती. तिच्या सासरच्या कपड्यांवर त्या घराच्या खुणेशेजारी ठकूमाय आपली चंद्रकोरही बारीकशी काढून ठेवी. कुणी विचारलं तर म्हणे, "राहू द्या की. तेवढीच माझी नजर."

बाजारात पोर चुकलं की लोक ते ठकूमायकडे आणून सोडत. ती त्याला विचारी, "कुणाचा रं तू?" पोर भोकाड पसरी. मग ती त्याची गळपट्टी उलटून बघे, पोराला कडेवर घेई आणि थेट त्याच्या घरी नेऊन पोचवी. आईला म्हणे, "खूण केलीया म्यां. हरवायचं नाही."

आता राजांकडे वळू, त्यांना टाळून चालत नाही. उत्तरेला एक राजा होता आणि दक्षिणेला एक. त्यांची भांडणं कशावरून जुंपली? कुणी म्हणतं एका घोडीवरून, कुणी म्हणतं पंगतीत आधी कुणाला वाढलं यावरून. लढाई झाली ती हिवरघाटापासून पाच दिवसांच्या वाटेवर. गावाला तिचा धूरसुद्धा दिसला नाही. पण लढाई संपल्यावर दोन्हीकडची शहाणी माणसं एका तंबूत बसली, विडे खाल्ले आणि ठरवून टाकलं की यापुढे आरणा नदी ही सरहद्द. एका सकाळी दोन्ही काठांवर दवंडी फिरली आणि गावाला कळलं की आपण आता दोन आहोत.

मग सगळंच दोन झालं. दोन पाटील, दोन निशाणं, दोन पायल्या. इकडची पायली तिकडे चालेना. भैरोबा अलीकडे राहिला आणि त्याच्या पालखीचे भोई पलीकडे. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी चिडले. तिसऱ्या वर्षी कुठे काही चोरीला गेलं की "पलीकडच्यांचं काम असणार" असं म्हणायची सवय लागली. पाचव्या वर्षी पोरं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारू लागली, आणि मोठ्यांनी त्यांना रागावणं सोडून दिलं. मला विचाराल तर खरी सरहद्द त्या दिवशी पडली.

ठकूमाय मात्र दोन्हीकडचे कपडे धूतच राहिली, कारण दोन्हीकडच्या अंमलदारांना कडक कांजीची पागोटी हवी होती. चौकीवरचा नवा शिपाई एकदा तिला अडवून म्हणाला, "ए म्हातारे, तू इकडची का तिकडची?"

ती म्हणाली, "पाय वाळले की सांगते."

तिचे पाय कधी वाळतच नसत.

सातव्या वर्षी गुरांच्या चराईवरून उतारावर चकमक झाली. नऊ माणसं मेली. मेलेल्या माणसाची वस्त्रं परटाकडे द्यायची तेव्हा रीत होती. तशी ती नऊ बाराबंद्यांची गाठोडी दोन्ही काठांवरून खडकावर आली. ठकूमाय एकेक गळपट्टी उलटत गेली. मासा. चाक. पुन्हा मासा. तीन ठिपके. प्रत्येक खूण तिने स्वतःच्या हाताने काढलेली होती, आणि त्यातली चार-पाच माणसं तर तिने लहानपणी कडेवरून घरी पोचवलेली होती. ती खडकावर बसून ढसाढसा रडली. तिचा आवाज त्या दिवशी बसला तो बसलाच. म्हशी पुन्हा तिच्या हाकेला वळल्या नाहीत.

त्या नऊ माणसांचा सूड हवा म्हणून दोन्ही राजांनी मोठ्या लढाईची तयारी केली. घरटी एक माणूस फौजेत. अलीकडच्यांना तांबडे डगले, पलीकडच्यांना निळे. चेहऱ्यावर फेट्याचा शेव गुंडाळायचा, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. आणि कवायत एकच: समोर दुसरा रंग दिसला की हाणायचा. तोंड बघायचं कारण नाही. ठकूमायचा एकुलता एक मुलगा नारबा याला तांबडा डगला मिळाला. तिचा जावई हैबती याला निळा. डगले वाटले तेव्हाच ठकूमायने नेहमीसारखी दोन्हीकडच्या गळपट्ट्यांत बिब्ब्याने घराघराची खूण काढून ठेवली.

लढाईचा मुहूर्त दसऱ्याचा निघाला. सीमोल्लंघनाचाच दिवस तो, दोन्हीकडच्या जोशांना दुसरा सुचणार तरी कोणता? आणि दसऱ्याला धुतलेली वस्त्रं घालायची रीतही दोन्हीकडे एकच. म्हणून अष्टमीच्या सकाळी ठकूमाय डगले गोळा करायला पलीकडे गेली. गिरजा दारातच उभी होती. तिला सातवा महिना होता.

"माय," ती म्हणाली, "परवा नारबा आन् हे समोरासमोर उभे राहत्याल. म्यां भैरोबाला नवस कुणासाठी बोलू?"

ठकूमायने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, गाठोडं उचललं आणि पाण्यात उतरली. खडकावर अलीकडचा तांबडा ढीग आधीच येऊन पडला होता, त्याच्याशेजारी तिने निळा टाकला.

परटाच्या घरातलं चार वर्षांचं पोरही एक गोष्ट जाणतं. कच्च्या रंगाचे कपडे एका भट्टीत घालायचे नाहीत. हे डगले तर फौजेच्या घाईत रंगवलेले, हाताला घाम आला तरी रंग सोडणारे. ठकूमायने चूल पेटवली, मोठा हंडा चढवला, पापडखार टाकला आणि दोन्ही ढीग उचलून एकाच हंड्यात घातले. चारशे डगले एका हंड्यात मावले कसे, हे मला विचारू नका. मावले, असं म्हणतात. वाफ उसळली ती भैरोबाच्या कळसापर्यंत गेली. आरणा तीन दिवस जांभळी वाहिली. खालच्या अंगाला पाणी प्यायलेले बगळे जांभळे झाले आणि एका गवळ्याच्या म्हशीने जांभळं दूध दिलं, असंही म्हणतात. गवळ्याने ते कुणाला प्यायला दिलं, ते काही सांगत नाहीत.

नवमीला आश्विनाच्या उन्हात डगले कडकडीत वाळले. तिने ते नेटके घडी करून, गाठोडी बांधून ज्याच्या त्याच्या छावणीत पोचते केले. शस्त्रपूजेच्या गडबडीत कुणी गाठी सोडल्या नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी गाठी सुटल्या आणि दोन्ही काठांवर एकच बोंब उठली. चारशेच्या चारशे डगले एकाच रंगाचे झाले होते, जुन्या वांग्यासारखे. अलीकडचा सरदार जोशीबुवांना म्हणाला, "लढाई उद्यावर टाका." जोशीबुवा म्हणाले, "मुहूर्त टळला तर पुढचा वैशाखात." डगले काढून उघड्याने जावं, तर उघड्या अंगावर कुणाचा कोणता रंग असतो? पलीकडेही तेच बोलणं चाललं होतं. शेवटी दोन्हीकडची शिंगं वाजली आणि दोन्ही फौजा उतारात शिरल्या.

पाणी उसळलं, तलवारी वर गेल्या आणि तशाच वर राहिल्या. समोर जो तो आपल्याच रंगाचा. तोंडं गुंडाळलेली. मारायचं कुणाला? कवायतीत त्यांना फक्त रंग बघायला शिकवलं होतं, आणि रंगच उरला नव्हता.

तेवढ्यात खडकावरून हाक आली. बसलेला आवाज परत आला होता. म्हणतात, दोन्हीकडच्या म्हशींनी त्या दिवशी माना वळवल्या आणि सरदारांच्या घोड्यांनीही वळवल्या.

"कुणाचा रं तू?"

आता बघा, त्या उतारात उभा असलेला एकेक जण कधी ना कधी बाजारात चुकलेला होता. एकेकाने तो प्रश्न नाक ओढत ऐकला होता. हात आपोआप समोरच्याच्या मानेकडे गेले आणि गळपट्ट्या उलटल्या गेल्या. रंग उकळून गेला होता, पण बिब्बा जागच्या जागी होता.

"मासा? म्हंजी तू चंद्रा कोळणीचा?"

"व्हय. आन् तू?"

"मी कुंभाराच्या भिमाबाईचा."

दोनशे जणांनी दोनशे जणांना विचारलं. कुणी आजीचं नाव सांगितलं, कुणी आईचं. राजाचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. नारबाने एका उंच गड्याची मान धरली होती. गळपट्टी उलटली तर घराच्या खुणेशेजारी बारीकशी चंद्रकोर. समोरच्याने फेट्याचा शेव सोडला.

"दाजी!" नारबा म्हणाला आणि हातातली तलवार त्याने पाण्यात टाकली. हैबतीने त्याला कवेत घेतलं. दोघं लहान पोरांसारखे रडले, आणि खडकावरून ठकूमाय ते बघत होती.

ती लढाई झाली नाही. राजे सुधारले असं मात्र समजू नका. ते पुढे दुसऱ्या नदीवर लढले, तिथे परटीण नव्हती, आणि तिथल्या गावांचं काय झालं ते सांगायला कुणी उरलं नाही. हिवरघाटाला तेवढं ठकूमायने राखलं.

तिला दोन्ही सरदारांपुढे उभं केलं. ती हात जोडून म्हणाली, "चूक झाली सरकार. वय झालं आता." चाळीस वर्षांत रुमाल न हरवलेल्या बाईची ही चूक. सरदारही काही दूधखुळे नव्हते. अलीकडच्याने हुकूम काढला की हिने आमच्या मुलखात पाय ठेवायचा नाही. पलीकडच्यानेही तोच काढला. मग ठकूमाय कुठे जाणार? ती खडकावर राहिली. नारबाने तिथे खोप घालून दिली. भाकरी एक दिवस अलीकडून येई, एक दिवस पलीकडून, आणि कपडे दोन्हीकडून. गिरजाला मुलगी झाली, तिला बाराव्या दिवशी खडकावरच आणलं आणि तिच्या कुंचीला आजीने पहिली खूण केली.

पुढे तह झाला. सरहद्द नदीच्या मधोमध आखायची म्हणून दोन्ही दरबारांचे कारकून दोरी धरून आले. दोरी खडकाशी आली तर ठकूमाय कपडे आपटत होती.

"बाजूला हो, माय," कारकून म्हणाले.

"हलते की. आधी हा दगड कुणाचा ते लिवा."

आता आली का पंचाईत! खडक अलीकडच्या राजाचा म्हणावा, तर ठकूमाय त्याच्या मुलखात उभी, म्हणजे त्याचा हुकूम मोडला. पलीकडच्याचा म्हणावा, तरी तेच. दोन्ही कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं, दोरी खडकाला वळसा घालून नेली आणि नकाशात ती जागा कोरी सोडली. दोन राज्यांच्या मध्ये, खळ्याएवढी, कुणाचीच नसलेली.

बारा वर्षं ती तिथे राहिली. एका महापुरानंतर पाणी ओसरलं तेव्हा खडक रिकामा होता. नदीने तिला नेलं म्हणा, की ती आपल्या पायांनी गेली म्हणा. खडकावर मात्र एक काळी चंद्रकोर उमटलेली होती. ती अजून आहे. मी हाताने घासून पाहिली आहे, जात नाही.

ते राजे गेले, मागून दुसरे आले, तेही गेले. निशाणं बदलली, पूल झाला, आणि आता दोन्ही हिवरघाट एकाच देशात आहेत. तरी दसऱ्याला दोन्ही गावांचं सीमोल्लंघन त्या खडकापर्यंतच असतं. घरटी एक रंगीत कापड येतं, सगळी एकाच हंड्यात उकळतात, आणि मग लोक आपट्याची पानं एकमेकांच्या हातावर ठेवतात. पान देताना विचारायचं, "कुणाचा रं तू?" आणि घेणाऱ्याने आईचं नाव सांगायचं.

हल्ली दोन्ही गावांतली मुलं फौजेत भरती होतात. रजा संपवून निघताना त्यांना खडकावर नेतात. गावातली सगळ्यांत म्हातारी परटीण सुईने बिब्बा टोचते आणि इस्त्रीच्या वर्दीची कॉलर उलटून आत घराची खूण काढते. वर्दीवर नाव असतं, नंबर असतो, निघालेला पोरगा ते सगळं ताठ उभा राहून सांगतो. ती ऐकून घेते आणि तरी विचारते. मग तो मान खाली घालून आईचं नाव घेतो.

"बरं," म्हातारी कॉलर नीट करत म्हणते, "जा आता. खूण केलीया म्यां. हरवायचं नाही."