तळखडा

त्या राज्यात छावणीची जमीन सैन्याची होती आणि छावणीतली शाळा रयतेची. त्यामुळे शाळा कोणाचीच नव्हती.

सैन्य साळिंदरांचे होते. ती सरहद्दीवर जात, अंगावरचे काटे झिजवून परत येत, कधी येतही नसत. त्यांची मुले टेकडीवरच्या बुटक्या शाळेत एका म्हाताऱ्या कासविणीपुढे बसून अक्षरे गिरवत. तिला सगळे बाई म्हणत. शाळेचे आढे एकाच मधल्या खांबावर उभे होते आणि तो खांब वाळवीने आतून पोखरला होता. बाई सरदार गेंड्याकडे गेल्या, तर तो म्हणाला की शाळा रयतेची, सैन्याचा खजिना तिच्यावर कसा उधळू? खाली गावात सशांच्या पंचायतीकडे गेल्या, तर सशांनीही हात वर केले. जमीन सैन्याची, तिथे आम्ही खिळा तरी कसा ठोकणार? दोघेही अदबीने बोलले आणि दोघांनीही बाईंना गूळपाणी दिले.

शाळेशेजारीच काट्यांचे कोठार होते. गळालेले काटे तिथे तासून पुन्हा धारदार करत. त्या कोठाराची कौले दरवर्षी बदलली जात आणि उतरवलेल्या कौलांचे तुकडे शाळेच्या दारात टाकले जात. मुले त्यांचीच पाटी करत. एवढी मदत मात्र सैन्याने कधी चुकवली नाही.

थंडीच्या तोंडाला बगळासाहेब तपासणीला येत. जी शाळा सर्वांत मोडकळीला आलेली, तिची दुरुस्ती आधी, असा नियम होता. पण साहेब येणार म्हटले की शाळा सारवायची, दाराला तोरण बांधायचे, खांबाला गेरू फासायचा, ही टेकडीवरची रीत. पाहुण्याला घरातली गळती दाखवायची म्हणजे अब्रूच गेली! बाई मुलांकडून स्वागताचे गाणे बसवून घेत आणि साहेब ‘उत्तम’ असा शेरा मारून उडून जात. आपण वर्षानुवर्षे आपल्याच हातांनी पोखरलेला खांब रंगवत आलो, हे बाईंना कळले तेव्हा उशीर झाला होता.

तपासणीच्याच दिवशी, भर वर्गात, खांब तुटला. बुंध्याचा भुसा झाला, वरचा भाग खाली येऊ लागला, आणि मुले आढ्याखाली बसलेली. बाई खांबाजवळच होत्या. त्या सरकल्या, पाय आत ओढून घेतले आणि खांब त्यांच्या पाठीवर टेकला.

आवाज ऐकून सरजू धावत आली. तिचा नवरा सरहद्दीवर होता आणि लेक या शाळेत. तिने भराभरा मुले बाहेर काढली.

“बाई, आता तुम्ही या बाहेर. पडू दे हे सगळं. पडल्यावर तरी बांधतील.”

बाई निघणारच होत्या. तेवढ्यात दारात बगळासाहेब उतरले.

“पडली तर ती दुरुस्तीत बसणार नाही, बाई,” ते म्हणाले. “नवं बांधकाम म्हणून जाईल. आणि नव्या बांधकामाला, इथे शाळा चालू आहे, असा दाखला लागतो.”

“आणि तोवर मुलं?”

“शाळा नसलेली मुलं कोठारात जातात, काटे तासायला. नियम जुना आहे, मी केलेला नाही.”

सरजूची लेक कौलाचा तुकडा पोटाशी धरून दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिले.

“सरजू, मुलांना आत घे. साहेब, तुम्ही एवढंच लिहा, की खांब मोडलाय आणि त्याच्याखाली मी आहे.”

साहेबांनी चोचीने बाईंच्या पाठीवर टकटक केली. “खणखणीत! खांब उभा आहे, खाली तळखडा आहे. उभ्या खांबाला मोडका कसं लिहू?”

लाकडी खांबाखाली जो दगड बसवतात, तो तळखडा. त्या दिवसापासून बाईंचा हुद्दा तोच झाला. सरजूचे पाऊल उचलत नव्हते, पण कोठारातून तासणीची खरखर येत होती. ती ऐकून तिने लेकीचा हात सोडला.

बाई तिथूनच शिकवू लागल्या. मुले त्यांच्या तोंडाशी कोवळा पाला आणून धरत. पावसाळे गेले, कोठाराची कौले बदलत राहिली, बाईंचा आवाज कवचात आत आत जात राहिला. एका सकाळी हजेरी चालू असताना एका मुलाने “हजर, बाई” म्हटले आणि पुढचे नाव आलेच नाही. सरजूने येऊन बाईंच्या मानेला हात लावला आणि ती हंबरडा फोडून रडली. खांब हलला नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांना तिने सांगितले, “बाई गेल्या हो.”

“अरेरे,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरेच वाईट वाटले. मग त्यांनी पाठीवर टकटक करून पाहिली आणि ‘उत्तम’ असा शेरा मारला. खजिन्याला हात न लावता शाळा भक्कम राहते, हे ऐकून गेंडा फार खूश झाला. राज्यातल्या सगळ्या छावण्यांना हुकूम गेले: प्रत्येक खांबाखाली एक कासव.

थंडी सरता सरता नदीकडून टेकडीवर कासवांची रांग येऊ लागली. प्रत्येकाच्या गळ्यात गेंड्याने स्वतः झेंडूचा हार घातला होता. सरजू लेकीला घेऊन शाळेच्या दारात आडवी उभी राहिली. सर्वांत पुढचे कासव अगदी पोरसवदा होते, त्याची पाठ अजून मऊ होती.

“मावशी,” त्याने विचारले, “कुठल्या खांबाखाली बसू?”

तेवढ्यात रांगेच्या मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. कोठारासाठी नवी कौले भरलेल्या गाड्या चढ चढत होत्या. कासवांची रांग शिस्तीत रस्त्याच्या कडेला सरली आणि तिने गाड्यांना वाट करून दिली.