साठवलेली पिल्लं

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. नाव गुणाजी. तालुक्याला कोर्स करून त्याने प्रमाणपत्र आणलं होतं आणि ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं, त्यामुळे ज्ञान भिजायची भीती नव्हती.

गावात सुलभाताईंचं अंडी उबवणी केंद्र होतं. यंत्रात अंडी किती, पिल्लं किती, गिऱ्हाईक कोण, हे सगळं ऑफिसातल्या पडद्यावर दिसावं अशी त्यांची इच्छा. गुणाजी कामाला लागला. त्याने प्रत्येक आकडा क्षणाक्षणाला यंत्राला विचारायची सोय केली. यंत्र उत्तरं देऊन देऊन दमलं. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

"सारखं विचारू नकोस रे," ताई म्हणाल्या. "एकदा माहिती आण, साठवून ठेव, तीच दाखव."

गुणाजीने माहिती आणली, साठवली. पडदा झटपट चालू लागला. अंडी पाच हजार, पिल्लं शून्य.

मग अंडी फुटली. पिल्लं ऑफिसातही शिरली. एक गुणाजीच्या कीबोर्डवर फिरत होतं, एक त्याच्या चपलेत बसलं होतं. तेवढ्यात ताईंचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, चांदभाई, टेम्पो घेऊन आले.

"पिल्लं तयार आहेत का?"

गुणाजीने पडद्याकडे पाहिलं. "एकही नाही."

"मग हे काय आहे?"

गुणाजीने कीबोर्डवरचं पिल्लू उचललं, नीट न्याहाळलं, पुन्हा पडदा पाहिला.

"हे अंडं आहे," तो म्हणाला.

चांदभाई रिकामा टेम्पो घेऊन परत गेले. ताईंनी कपाळाला हात लावला. "साठवलेल्यावर विसंबतोस कसला? दर वेळी थेट विचारायचं, आत्ता काय आहे ते."

गुणाजीला फार वाईट वाटलं. त्याने मनापासून सुधारायचं ठरवलं. पण थेट विचारायचं तर कुणाला? यंत्र तर आधीच विचारून दमलं होतं. पिल्लं बोलत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. मग त्याने गिऱ्हाइकांना विचारायला घेतलं. चांदभाईंना दर पंधरा मिनिटांनी फोन जाऊ लागला.

"चांदभाई, तुमचं नाव अजून चांदभाईच का?"

"हो."

"आणि गाव?"

"तेच."

दुपारपर्यंत त्यांनी सोसलं. मग म्हणाले, "नाव बदललं. आता मला डोकेदुखी म्हण."

गुणाजीने ताजं नाव भरलं. संध्याकाळी पिल्लांची गाडी डोकेदुखी पोल्ट्री शोधत गावभर फिरली आणि तशीच परत आली.

आता मात्र ताई घाबरल्या. चांदभाई तुटले तर केंद्राला कुलूप लावायची वेळ. त्यांनी शहरातून सल्लागार बोलावले. सल्लागारांनी चहा घेतला, पडदा पाहिला, परत चहा घेतला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "नावं-गावं साठवायची, आकडे थेट विचारायचे. काही तक्ते साठवलेलेही ठेवायचे आणि थेटही. मग सगळं एकत्र करायचं. याला मिश्र मॉडेल म्हणतात."

एवढं बोलून ते गाडीत बसले. गुणाजीला ते समजलं की नाही हे पाहणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

गुणाजीला एक गोष्ट चांगली समजली होती: एकत्र करायचं. पुढची अंडी फुटली तेव्हा त्याने पिल्लांचा आकडा साठवला, पाच हजार. मग यंत्राला थेट विचारला, पाच हजार. मग दोन्ही एकत्र केले. पडद्यावर दहा हजार पिल्लं झाली.

ताईंना आनंद झाला. त्यांनी चांदभाईंना फोन करून झाल्या प्रकाराची माफी मागितली आणि दहाही हजार पिल्लं त्यांना देऊ केली. चांदभाई निवळले. त्यांनी एक नवी शेड तयार केली आणि दोन टेम्पो घेऊन हजर झाले.

एक टेम्पो भरला. दुसरा रिकामाच राहिला.

"उरलेली कुठायत?" ताईंनी विचारलं.

"ही थेटवाली होती, ताई," गुणाजी म्हणाला. "उरलेली साठवलेली आहेत."

"मग जिथं साठवलीस तिथून आण आणि भर," चांदभाई म्हणाले.

गुणाजी आत गेला आणि थोड्या वेळाने एक जड खोका सांभाळून घेऊन आला. खोक्याला हवेसाठी भोकं पाडली होती. चांदभाईंनी झाकण उघडलं. आत भुशाच्या गादीवर ऑफिसचा संगणक ठेवला होता. शेजारी मूठभर मक्याची कणी होती. खोक्याच्या तळातून पाणी गळत होतं.

"सावकाश न्या," गुणाजी म्हणाला. "सगळ्यांना पोटभर पाणी पाजलंय."