गिरणीच्या भिंतीतली सात भोकं

बोरटेंब्यात बंद पडलेल्या गिरणीची एक भिंत अजून उभी आहे. तिला छातीच्या उंचीवर सात भोकं आहेत, तान्हं मूल आरपार देता येईल एवढी. या गावात सव्वा महिन्याचं बाळ पहिल्यांदा घराबाहेर पडतं ते इथंच. अलीकडून आईनं द्यायचं, पलीकडून आत्यानं घ्यायचं. पाहुणे आले की देवस्थानचे खंडूअण्णा हात जोडून सांगतात, "भर दुपारी साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, प्रकटल्या. एकेकीनं बोट टेकवलं आणि भिंत लोण्यासारखी विरघळली म्हणे."

लोणी! भट्टीची पक्की वीट होती ती, चुन्यात बसवलेली.

गावातल्या म्हाताऱ्या वेगळं सांगतात, तेही अण्णा उठून गेल्यावर.

कडूबाई नावाची एक म्हणे या गिरणीत सुताच्या रिळांच्या खात्यात होती. सकाळी भोंगा झाला की फाटकाला कुलूप लागे, ते संध्याकाळीच निघे. मग घरच्या तान्ह्यांचं काय? त्यांना अफूची गोळी. पोर दिवसभर निपचित. सासवाच गोळी आणून हातावर ठेवायच्या, वर "आम्ही नाही का दिली?" हे होतंच. कडूबाईनंही दिली. तिचा पहिला मुलगा निजला तो उठलाच नाही. वडीलधारे म्हणाले, देवाची मर्जी. देवाचं काय, दोष नावावर घालायला तो बराच.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. कडूबाईनं गोळी चुलीत टाकली.

आता मुलगी जागी राहणार आणि भुकेनं रडणार. धाकटी नणंद ठकू दुपारी तिला भिंतीपाशी आणायची. आत रिळांच्या खडखडाटात रडणं ऐकू येत नसे, पण वेळ झाली की कडूबाईचं लुगडं पुढून भिजायचं. जेवणाच्या सुट्टीत ती लोखंडी कांबीनं विटांमधला चुना उकरू लागली. चौथ्या दिवशी भोक पडलं. ठकूनं मुलगी आत दिली, कडूबाईनं पाजली, परत दिली.

संध्याकाळी भोक बुजलं. मालकानं नाही बुजवलं. तिच्या सासऱ्यानं, भिवा गवंड्यानं बुजवलं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नुसता "भिवाजी, बघा बुवा" म्हणाला, तर हा थापी घेऊन पळत गेला.

"मामंजी, नात आहे तुमची."

"म्हणूनच. भिंती फोडून पाजणारी आई तिला शोभत नाही."

दुसऱ्या दिवशी ओला चुना तिनं बोटांनी काढला. त्यानं पुन्हा भरला. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गावचे पंचच भिंतीला पाठ लावून ओळीनं बसले, ठकूला जवळ येऊ देईनात. मुलगी रडून रडून थकली. ठकू भिंतीपलीकडून जिवाच्या आकांतानं ओरडली, ते खडखडाटातही आत पोचलं, "वहिनी, आता ही हूं की चूं करीना!"

कडूबाईनं रीळ थांबवलं. शेजारच्या सहाजणींनीही थांबवलं. त्या सहाहीजणींचं एकेक मूल गोळीनं गेलं होतं, आणि गावात ते मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. कुणी कांब घेतली, कुणी पहार. जी जिथं उभी होती तिथं तिनं भिंत फोडली. विटा थेट पंचांच्या पाठीत.

"उठा म्हातारबा, शेकली पाठ!" आतून एकजण म्हणाली.

पंच उठले. मुलगी आत गेली, छातीला लागली, जगली.

सातीजणींना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यांच्यासाठी गावातल्या एकाही बाप्यानं यंत्र थांबवलं नाही. उलट पुढं त्याच पंचांच्या नातवांनी भोकांना शेंदूर लावला आणि बायकांच्या आसरा केल्या. आसरांना कुणी कामावरून काढत नाही. आसरांची पोरं अफूनं मरत नाहीत, आणि ती गोळी कुणी आणून दिली हे आसरा विचारत नाहीत. कडूबाई सोडली तर बाकीच्या सहाजणींचं नावही आज कुणाला सांगता येत नाही.

भिंतीशेजारी हल्ली पाटी आहे: 'देवस्थानात बाळास अंगावर पाजू नये. विश्वस्त मंडळ.' आजही पलीकडच्या पॅकिंग कंपनीची पाळी सुटली की बायका त्या पाटीखाली टेकतात. घरून कुणीतरी लेकरं आणलेली असतात. खंडूअण्णा कथा मध्येच थांबवून म्हणतात, "बाई, जरा आडोशाला जा."

"आम्ही नाही उठत, अण्णा," त्या म्हणतात. "तुम्ही तोंड तिकडं करा."