न थिजणारे शिसे

एका राज्यात चुलीवर दोनच गोष्टी शिजत, एक भात आणि दुसरे शिसे. राजा रणकेतूला युद्धाची भारी हौस. हौस राजाची आणि राबणूक रयतेची, अशी तिथली रीत. घरटी शेरभर गोळ्या दरबारात भरायच्या. मग बाया रणमाळावर जाऊन जुन्या लढायांच्या चेपलेल्या गोळ्या वेचत, मोडके-तोडके शिसे गोळा करत, लोखंडी पळीत ते वितळवत, वर आलेली काळी मळी काढून टाकत आणि साच्यात ओतत. धुराने घरातली लेकरे खोकत. राजवाडा उंचावर होता, तिथे खोकला ऐकू जात नसे.

एके दिवशी शिसे थिजेना. निखाऱ्यावरून उतरवले, गार झाले, बोट बुडवले तरी गारच, पण पाणी ते पाणीच. साचा उघडावा तर जमिनीवर ओघळून जाई. घरोघरी हेच. दरबारचा मांत्रिक म्हणाला, हा शाप आहे. राजा म्हणाला, हा कामचुकारपणा आहे. दोघांचेही समाधान व्हावे म्हणून घरटी एक माणूस कोठडीत घालण्यात आला. दसऱ्याच्या शस्त्रपूजेपर्यंत गोळ्या आल्या नाहीत, तर या माणसांची शिरे शस्त्रांपुढे मांडायची, असा हुकूम सुटला.

भिवरा नावाच्या विधवेच्या घरात माणसे दोनच, ती आणि तिचा तरणा लेक सुभाना. सुभानाला नेले आणि भिवरेचे घर रिकामे झाले. तिने रडून घेतले, पदर खोचला आणि रणमाळावर गेली. तिथे एक टिटवी राहत असे. तिला माणसांची भाषा येई, पण माणसांशी बोलावेसे तिला क्वचितच वाटे.

"टिटवीबाई, शाप कसा सुटेल?" भिवरेने विचारले.

"तीन प्रकारचं शिसं एका पळीत वितळव," टिटवी म्हणाली. "एक ज्याने मारले, एक ज्याने जगवले आणि एक जे रडले. पण विचार करून जा."

विचार करायला भिवरेला सवड कुठली? तिथेच तिने माती उकरली. मागच्या लढाईत तिचा नवरा येसाजी त्या माळावर पडला होता. त्याची हाडे उठून बसली. त्यांनी बरगडीतली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"सुभानासाठी नेते," भिवरा म्हणाली.

"त्याच्यासाठी असेल तर द्यायला नको होती," हाडे म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली. भिवरेने माती सारखी केली.

दुसरे शिसे तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या जाळ्याला मणी करून ओवले होते. त्या मण्यांच्या वजनाने जाळे तळाशी जाई आणि अख्खी वस्ती मासळी खाई. भिवरेने मागितले. कोळी म्हणाला, "बाई, हे दिलं तर आम्ही काय खावं?" त्याचे म्हणणे खरे होते. दुपारी त्याचा डोळा लागला, तेव्हा भिवरेने मणी कापून घेतले. जाळे पाण्यावर तरंगत राहिले. तिची तिलाच लाज वाटली, पण ती थांबली नाही.

तिसरे शिसे डोंगरातल्या चेटकिणीकडे होते. ती गुहेत बसून रडत असे आणि तिची आसवे शिशाची होऊन पडत. भिवरेला पाहून ती म्हणाली, "शाप म्हणतात ना त्याला? माझे तिघे लेक गोळीने गेले. मी शिशाला सांगितलं, बाबा, तू आता थिजू नकोस. तेव्हापासून कुणाच्या दारात प्रेत आलेलं नाही. नदीपलीकडच्या राज्यातही नाही, कारण माझ्या शब्दाला नदी आडवी येत नाही."

भिवरेला सगळे समजले. समजले नाही असे तिला पुढे कधीच म्हणता आले नाही.

"तुमचे तिघे गेले, बाई," ती म्हणाली. "माझा अजून आहे."

"आईने मागितलं तर मी नाही म्हणत नाही," चेटकीण म्हणाली. "तोच माझा नेम, आणि त्यातच माझं नुकसान." तिने गालावरचा थेंब टिपून भिवरेच्या ओंजळीत टाकला. त्यासरशी तिची राख झाली.

दसऱ्याच्या पहाटे भिवरेने पळी चुलीवर ठेवली. तिन्ही प्रकारचे शिसे वितळून एक झाले. मळी काढली, साच्यात ओतले, थोडी वाट पाहिली आणि साचा ठोकला. टणक गोळी जमिनीवर पडली. त्याच वेळी घरोघरी गोळ्या पडू लागल्या आणि बायकांनी कडाकडा बोटे मोडून भिवरेची दृष्ट काढली.

राजा खूश झाला. "काय हवे ते माग," तो म्हणाला.

"माझा लेक सोडा, महाराज. बाकी काही नको."

"सोडला. शिवाय तुझ्या उपकाराची फेड म्हणून त्याला पहिल्या फळीत जागा दिली. आजच सीमोल्लंघन आहे."

सुभाना घरी आला तो बंदूक खांद्याला लावूनच. उंबऱ्यावर उभ्या उभ्याच त्याने थैली पुढे केली. सूर्य वर आला होता. आईने ओतलेल्या गोळ्या आईनेच थैलीत भरल्या.

"काळजी करू नको, आई," तो हसून म्हणाला. "पलीकडच्यांचं शिसं अजून पातळच असणार. आम्ही नुसते चालत जाऊ आणि परत येऊ."

भिवरेने थैलीची नाडी आवळली. "नाही रे," ती म्हणाली. "त्यांचंही थिजलं."

सुभानाचे हसू मावळले. बाहेर शिंग वाजले. निघता निघता त्याने एवढेच विचारले, "तुला हे आधीच ठाऊक होतं?"

तिने थैली त्याच्या हाती दिली. तो गेला.

असा त्या राज्याचा शाप सुटला, घडी पहिल्यासारखी बसली आणि घरटी शेरभर गोळ्या वेळेवर भरल्या जाऊ लागल्या. ज्यांना आनंद झाला असेल त्यांनी साखर वाटावी. भिवरेने वाटली नाही.