तुपावर धावणारा

“म्हणजे भाकरी माणसाला लागतेच असं नाही ना, बुवा?”

“तुला लागत नाही, असं तूच सांगतोयस,” भवानगिरी बुवा म्हणाले. “मी कशाला मध्ये पडू?”

बुवांचा मठ घाटाच्या माथ्यावर होता. लांब पल्ल्याची शर्यत दरवर्षी त्याच रस्त्याने जाई आणि तिचा शेवटचा चढ मठापाशी संपे. बुवा बाहेर बसून पाहत. त्यापलीकडे त्यांचा धावण्याशी संबंध नव्हता.

विचारणारा अभिनंदन चौगुले. पतपेढीत अधिकारी आणि उत्तम धावपटू. यातली दुसरी गोष्ट सगळ्यांत आधी त्याला स्वतःला कळली होती. येत्या रविवारी शर्यत होती. पहिल्या तिघांना राज्याच्या संघात जागा मिळणार होती, आणि पुढच्या वर्षी अभिनंदनचं वय त्या संघाला चालणार नव्हतं.

तीन महिन्यांपासून त्याने भात, भाकरी, साखर, गूळ सोडले होते. तूप, खोबरं, पनीर आणि अंडी यांवर तो धावत होता. गेल्या एकादशीला त्याने मठातली साबुदाण्याची खिचडीही परत केली. आपला उपास जास्त कडक आहे म्हणून खिचडी नाकारणारा मठात आलेला तो पहिलाच.

“शरीरात साखर असते ती दीड-दोन तासांपुरती,” तो समजावू लागला. “चरबी मात्र कित्येक दिवस पुरेल एवढी. शरीराला एकदा चरबी जाळायची सवय लावली की वाटेत काही खावं लागत नाही.”

“लागली सवय?”

“लागली. पहाटे निघतो, उन्हं चढेपर्यंत पळतो. भूक नाही, चक्कर नाही.”

“आमचे गुरुमहाराजही असेच. ताक-लोण्यावर महिनोन्‌महिने चालायचे.”

“बघा,” अभिनंदनचा चेहरा खुलला.

“त्यांना कुठे कुणाच्या आधी पोचायचं नव्हतं.”

…

अभिनंदनने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

“सगळं एवढं छान चाललंय,” बुवा म्हणाले, “तर भर दुपारी इथे कशाला आलास?”

“चढासाठी.”

“चढाला काय झालं?”

“सपाटीवर मी कुणाला ऐकत नाही. पण घाट लागला, वेग वाढवायची वेळ आली, की… पाय उचलत नाहीत. श्वास पुरत नाही. तासभर ज्यांना मागे ठेवलं, ते बाजूने निघून जातात.”

“आधीही जायचे?”

“आधी…” तो थांबला. “आधी मी जायचो त्यांच्या बाजूने.”

“आधी म्हणजे?”

“तीन महिन्यांपूर्वी. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. मन कमी पडतंय, बुवा. मनाचं काहीतरी सांगा. एखादा मंत्र असला तर द्या.”

बुवा उठले. आत गेले. पत्रावळीवर वाफाळता भात आणि वरण घेऊन आले, आणि ती त्याच्यासमोर ठेवली.

“मनाचं संपलंय,” ते म्हणाले. “भात आहे.”

“मी वैराग्याचं विचारायला आलो, आणि तुम्ही…”

“इथे येणारे सगळे वैराग्याचंच विचारतात. भाताचं कुणी विचारत नाही. म्हणून तो उरतो.”

अभिनंदनने पिशवीतून तुपाची बाटली काढली. भात नाही तर निदान तूप तरी घ्यावं, म्हणून. बुवांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि भातावर सढळ हाताने ओतली.

“तुपाशी माझं भांडण नाही.”

अभिनंदनने भाताकडे पाहिलं. बदली झालेला माणूस जुन्या कचेरीवरून जाताना पाहतो, तसं.

“आता खाल्ला तरी दोन दिवसांत काय होणार? तीन महिन्यांची सवय आहे.”

“ते मला माहीत नाही. मी फक्त चढ बघतो.”

…

त्याचा हात पत्रावळीपर्यंत गेला आणि मागे आला.

“हे व्रत आहे, बुवा. एक दिवस चुकलं नाही. चारचौघांत सांगून बसलोय. माझं बघून तालुक्यातल्या पोरांनी भाकरी सोडली. आता मीच मोडलं तर…”

“तर?”

“संघात गेलो नाही तरी चालेल,” तो हळूच म्हणाला. “पण हे मोडवत नाही.”

बुवांनी पत्रावळ स्वतःकडे ओढली. वरण-भात कालवला. पहिला घास खाल्ला आणि सावकाश चावून गिळला.

“मग रविवारी व्रतालाच पाठव धावायला,” ते म्हणाले. “तू जेवायला ये.”