शेवटच्या पट्टीचं पाणी

हा समोर दिसतो तो बंधारा, आणि त्याच्या डाव्या अंगाने डोंगराच्या कडेकडेने निघालाय तो आमचा पाट. आत्ता कोरडा आहे. अर्ध्या तासाने मी ही फळी उचलणार आणि ओढ्याचं यंदाचं पहिलं पाणी यात शिरणार. खैरपाडळीला तुम्ही दुसऱ्या कुठल्याही दिवशी आला असतात, तर एक दगडी पाट बघून, फोटो काढून परत गेला असतात. नेमके आजच आलात, नशीब काढलंत. चपला काढून हातात घ्या, कारण एकदा फळी उचलली की इथे कुणी चालत नाही. लहानथोर सगळे पाण्याबरोबर पळतात.

पाट दोन कोस लांब आहे आणि वाटेत एकतीस शेतं. प्रत्येक शेताला पाटातून पाणी घ्यायला एक दार. दार म्हणजे लाकडाचं नव्हे हो, पाटाच्या काठाला ठेवलेली वाट. मातीचं ढेकूळ काढलं की उघडलं, लावलं की मिटलं. आज त्यातली तीस दारं बंद आहेत, सकाळीच फिरून बघून आलोय. उघडं आहे ते फक्त शेवटचं. पाणी आधी तिथे जाणार, ती पट्टी भिजणार, आणि मग खालून वर एकेक दार उघडत यायचं. सगळ्यात शेवटी बंधाऱ्याला लागून असलेलं हे पहिलं शेत. ते माझं. मागे एक साहेब आले होते. वहीत सगळं टिपून घेतलं आणि म्हणाले, रावबा, तुमची पद्धत उलटी आहे. मी म्हटलं, उलटीच आहे साहेब, पण ती कुणी उलटवली ते तरी ऐकून जा.

फार जुनी गोष्ट. या डोंगरउतारावर तेव्हा नुसती करवंदीची जाळी होती. पावसाळ्यात नाचणी पिकायची आणि दिवाळीनंतर माणसं पोटासाठी घाट उतरायची. इथे बहिरजी नावाचा एक म्हातारा आणि त्याची बायको साळाई राहायची. पहिलं नातवंड झालं त्या दिवशी बहिरजीने म्हणे ओढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हे पोर घाट उतरणार नाही. तेव्हा त्याची साठी उलटली होती. लोक हसले. या वयात माणूस जप करतो, हा कुदळ घेऊन निघाला होता.

त्याची कामाची रीत ऐका. आजच्यासारखी दुर्बीण नव्हती. तो पितळी परात काठोकाठ पाण्याने भरायचा, तीन दगडांवर ठेवायचा, आणि पोटावर झोपून त्या पाण्यावरून पलीकडे नजर लावायचा. पाणी सांगेल ती पातळी. साळाई पुढे जाऊन काठी धरून उभी राहायची, आणि तो हाताने खुणावेल तिथे खुंटी ठोकायची. असा दोन कोस उतार त्यांनी काढला. चौघे मुलगे आणि सुना खणत होते, दगड रचत होते. चार वर्षं लागली असं सांगतात. तुम्ही पळाल तेव्हा बघाच, दोन कोसांत कुठे पाणी थांबत नाही की उसळत नाही.

उतारात म्हातारा चुकला नाही. चुकला तो वाटणीत. उताराच्या जमिनीच्या त्याने चार पट्ट्या केल्या आणि आपल्यात जशी रीत, तशा वयाने वाटल्या. थोरल्या राणोजीला बंधाऱ्याजवळची, मग मधल्या दोघांना, आणि धाकट्या येसूला शेवटची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पंगतीतसुद्धा थोरल्याच्या पानावर आधी वाढतात.

पहिल्या वर्षी पाणी आलं आणि राणोजीने दार उघडलं ते उघडंच. त्याने ऊस लावला. रान इतकं भिजलं की बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा, तरी दार मिटेना. मधल्या दोघांनी उरलेलं घेतलं. येसूच्या पट्टीत पोचली ती नुसती ओल. दुसऱ्या वर्षी तीही नाही. तिसऱ्या वर्षी आणखी वाईट झालं. आपापल्या शेतापर्यंत पाट साफ करायचा आणि तिथून घरी जायचं, असं प्रत्येकाने चालवलं. शेवटच्या कोसात गाळ बसला, गवत माजलं, काठाला खेकड्यांनी बिळं केली. म्हातारा सांगायचा, पोरं मान हलवायची आणि करायची तेच. यात राणोजीचा दोष सगळ्यात मोठा. तो आमचा मूळपुरुष, मी त्याच्याच घराण्यातला. लपवून काय करू?

चौथ्या वर्षी येसूने गाडी जुंपली. भांडी चढवली, कोंबड्यांची डालगी बांधली, बायको आणि दोन मुली बसवल्या. थोरली ठकी, सात वर्षांची. जिच्यासाठी म्हाताऱ्याने कुदळ उचलली होती ते पहिलं नातवंड हेच. तीच आता घाट उतरायला निघाली होती.

बहिरजी म्हणे जागीच बसला. साळाई मात्र गाडीच्या पुढे झाली. तिने येसूला थांब म्हटलं नाही, रडली नाही, शपथ घातली नाही. दोन दिवसांची मुदत तेवढी मागितली. मग नवऱ्याचा हात धरला, शेवटच्या पट्टीशी गेली, आणि दोघं कोरड्या पाटात पाय सोडून बसली. तिथे साळाईने पण केला. पाटाचं पाणी इथवर येईल तेव्हाच दोघांच्या घशाखाली पाणी उतरेल, नाहीतर नाही.

मधले दोघे भाऊ धावत आले. सुनेने घागर आणली. साळाईने घागर बाजूला सारली.

"घागरीचं नगं. पाटाचं येऊ दे."

राणोजी आला नाही. संध्याकाळपर्यंत उठतील, असं म्हणाला. नाही उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा बापाचे ओठ फुटलेले होते आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती, पाटाच्या वरच्या वळणाकडे बघत होती. राणोजी तसाच वळला. दोन कोस मागे गेला आणि चार वर्षं उघडं असलेलं आपलं दार त्याने स्वतःच्या हाताने लिंपलं. मला ही जागा सांगताना अजून बरं वाटतं. आमच्या घराण्याचं नाक तेवढंच वाचलं.

मधल्या भावांनीही आपली दारं मिटली आणि पाणी सुटलं. पहिला कोस सरसर गेलं. त्या वडाजवळच्या वळणावर आलं आणि थबकलं. पुढे पाट होताच कुठे, नुसता गाळ. मग काय धांदल उडाली म्हणता! फावडी, कुदळी, हाताला लागेल ते. बाया पाट्या भरभरून गाळ वर टाकतायत, येसू गाडी सोडून धावलाय, राणोजी कमरेइतक्या चिखलात सगळ्यांच्या पुढे. माणसं खणतायत आणि मागून पाणी त्यांच्या टाचांना लागतंय. ऊन चढत होतं आणि खाली दोन म्हातारी माणसं बसलेली होती. प्रत्येकाच्या डोक्यात तेवढंच.

गाळ निघाला, तरी पाणी पुढे सरकेना. येत होतं तेवढं वाटेतच कुठेतरी जात होतं. मोठी माणसं काठ चाचपत राहिली, कुणाला काही कळेना. तेव्हा ठकीने सांगितलं. बिळं कुठे आहेत हे तिला पाठ होतं, कारण तीन वर्षं त्या कोरड्या पाटात पोरांनी दुसरं केलं होतं काय? खेकडे धरले होते. ती एकेक बीळ दाखवत पळत सुटली आणि बाकीची नातवंडं मागून चिकणमाती आणि गवताचे बोळे कोंबत निघाली. शेवटचा अर्धा कोस पाणी त्या पोरांनी नेलं, असं सांगतात.

पाटात पहिलं पाणी कसं येतं, पाहिलंय कधी? पाण्यासारखं दिसतच नाही. आधी पाचोळा येतो, धूळ येते, मुंग्या जिवाच्या आकांताने पळत येतात, आणि मागून ते तपकिरी तोंड. साळाईने ते वळणावर पाहिलं. पुढ्यात ठकी ओरडत येत होती. म्हातारीने नातीला उचललं, आपल्या शेजारी पाटात उभं केलं, आणि पहिलं पाणी तिच्या पायांना लागू दिलं. मग तिच्याच ओंजळीतून दोघं प्यायली. ते पाणी गढूळ असणार, त्यात पाचोळा असणार. पण त्या दिवशी उताराची माती गोड झाली असं आमच्याकडे म्हणतात, आणि शेवटच्या पट्टीतला हरभरा खाऊन बघा, मग बोला.

मुलगे चिखलाने माखून समोर उभे होते. बहिरजीने त्यांना जमीन परत मागितली नाही, वाटणी बदलली नाही. एवढंच म्हणाला:

"वरल्याला पानी चुकत न्हाई. शेवटल्याचं भिजल्याबिगर कुनी दार उघडायचं न्हाई. म्हंजी दोन कोस पाट तुमीच साफ ठिवाल."

राणोजी कबूल झाला, पण होता हुशार. त्याने विचारलं, शेवटच्या पट्टीत कुणी उरलंच नाही तर? उत्तर साळाईने दिलं.

"तरीबी सोडायचं. कुनी परत आलं तर त्याला वली माती दिसाया हवी."

त्या दोघांनी स्वतःच्या नावावर वीतभर जमीन ठेवली नव्हती. नातवंडांना दिली ती ही पाण्याची पाळी. पुढे चारांची एकतीस शेतं झाली, वाटण्या झाल्या, भांडणं झाली, कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या. पाळी मात्र कुणी मोडली नाही.

आता राणोजीच्या प्रश्नाचं सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी येसूच्या वंशातल्या शेवटच्या घराला कुलूप लागलं. माणसं चिंचवडला कारखान्यात गेली. पट्टी पडीक पडली. पहिल्या वर्षी आम्ही पाणी सोडलं, तिथल्या घाणेरीच्या झुडपांना पाजलं आणि वर आलो. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि माझा गहू सुकत होता. मी म्हटलं, कुणासाठी करतोय आपण हे? फावडं घेऊन दार उघडायला गेलो. माझी आई तेव्हा ऐंशीची. ती मागून आली, माझ्या हातातून फावडं घेतलं आणि घरी निघून गेली. भांडली असती तर मीही भांडलो असतो. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. आजही दरवर्षी मी पाण्याबरोबर शेवटपर्यंत जातो, पट्टी ओली झालेली डोळ्यांनी बघतो आणि मगच वर हाक देतो.

तर मघापासून तुम्ही विचारताय, की रावबा, एवढे उतावीळ का झालात, एका जागी उभे का राहत नाही. सांगतो. चार दिवसांपूर्वी फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. नाव सांगितलं, येसूच्या त्या कुलूप लागलेल्या घरातल्या बापाचं नाव सांगितलं, आणि म्हणाला, काका, पाणी कधी सोडताय? आज सकाळी पहिल्या एसटीने उतरला. बरोबर पाच वर्षांची पोर आहे. राहायला आलाय की नुसता बघायला, मी विचारलं नाही. तो मला म्हणाला, पट्टीत घाणेरी फार माजलीय. मी म्हटलं, माजणारच, एकोणीस वर्षं पाणी पितेय.

चला, व्हा बाजूला, फळी जड आहे. आणि पळताना मागे बघू नका, पाणी थांबत नाही. खाली ती पोर पाटात पाय सोडून बसलीय.