अर्ध्या हसण्याचा दरबार

"उद्या भर दरबारात आमचं सोंग आण. लोक हसले, तर राजाची टवाळी झाली म्हणून हद्दपार. नाही हसले, तर सोंग फसलं म्हणून हद्दपार."

धवळगडच्या मानाजीराजांनी म्हाळू बहुरूपिणीला हा हुकूम सुनावला आणि ते अर्धं हसले.

त्या अर्ध्या हसण्यानेच तिला इथवर आणलं होतं. राणीसाहेब गेल्या, तेव्हा राजा खचलेला दिसू नये म्हणून दिवाण भास्करपंतांनी महाराजांना सज्जात उभं केलं. महाराजांनी हसायचा प्रयत्न केला. ओठांची एकच बाजू वर गेली. खालच्या गर्दीला वाटलं, ही नवी तऱ्हा. न्हावी एकाच बाजूची मिशी वर वळवून देऊ लागले. सरदारांच्या सुना आरशासमोर बसून तोंड वाकडं करायला शिकल्या. पुढे तर घरात मयत झाली, तरी माणसं दारात उभी राहून अर्धं हसत आणि मजेत आहोत म्हणून सांगत. रडणं गावंढळ ठरलं.

म्हाळूने बाजारात अशाच एका सुनेचं सोंग आणलं. सासरा तिरडीवर, आणि ही शेजारणीला विचारतेय, माझं हसू डावीकडेच आलंय ना? बाजार पोट धरून हसला. कोतवालाने तिला उचललं.

म्हाळूची आई अंथरुणाला खिळलेली. हद्दपार व्हायचं, तर तिला मागे टाकूनच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी महाराज पडद्याआड बसले. म्हाळू त्यांचा अंगरखा घालून सिंहासनावर आली आणि अर्धं हसली. सवयीने सगळा दरबार अर्धा हसला. तिने एकेकाला खुशाली विचारली. जो तो मजेत होता.

मग तिने शेजारच्या रिकाम्या आसनावर हात ठेवला. ओठाची वर गेलेली बाजू हळूहळू खाली आली. डोळे भरले.

दरबारी गोंधळले. एकाने ओठ खाली आणला, दुसऱ्याने उपरणं डोळ्यांना लावलं. बघता बघता सगळे रडू लागले. एका म्हाताऱ्या सरदाराने रीत म्हणून सुरुवात केली, पण त्याला आपला गेलेला मुलगा आठवला आणि मग त्याला थांबताच येईना.

महाराज पडद्याबाहेर आले. म्हाळू उठून उभी राहिली.

"महाराज, कोणी हसलं नाही. टवाळी झाली नाही."

"म्हणजे सोंग फसलं," भास्करपंत नाक पुसत म्हणाले. "हद्दपार."

"दिवाणजी, मग आपण का रडलात?"

"वा! राजे रडताहेत म्हटल्यावर आम्ही..." पंतांनी जीभ चावली.

"माझं सोंग कसं वठलं, ते पंतांनीच सांगितलं, महाराज," म्हाळू म्हणाली.

महाराज हसले, ओठांच्या दोन्ही बाजूंनी, खदाखदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. हद्दपारीचा हुकूम त्यांनी तिथेच मागे घेतला आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून म्हाळूच्या गळ्यात घातला.

दरबाराने ते पाहिलं. मग भास्करपंतांचा हात नाइलाजाने स्वतःच्या गळ्यातल्या कंठ्याकडे गेला. त्यांच्यामागून सरदारांचे हात गेले, मानकऱ्यांचे गेले.

म्हाळूने अंगरख्याचा घेर पसरला.